एकट्यांची गाडी

१

"मामा, तू खरंच माणूस मारलास का?"

प्रश्न तिचा नव्हता. तो शाळेच्या जिन्यावर मैत्रिणींनी तिच्या गळ्यात मारला होता. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून टकळीचं तोंड जे सुटलं होतं, ते बंद व्हायचं नाव घेत नव्हतं. मुख्याध्यापकांनाही तिने उलट प्रश्न विचारला होता आणि धडधाकट परत आली होती. "सगळ्यांना विचारतेस ना," मैत्रिणी म्हणाल्या, "मग घरात विचार. हिंमत असेल तर." हिंमत काढल्यावर टकळी गप्प बसते होय?

मामा मागच्या खोलीत इस्त्री करत होता. नोकरी सुटून बहिणीकडे राहायला आल्यापासून तो दिसेल त्याला इस्त्री करायचा. शर्ट झाले की रुमाल, रुमाल झाले की फडकी. एकदा तर त्याने टकळीचे मोजे इस्त्री करून, घडी घालून ठेवले होते, आणि त्यावर हसावं की रडावं हे घरात कोणालाच कळलं नव्हतं.

प्रश्न ऐकला आणि त्याचा हात थांबला. बाबांच्या निळ्या शर्टावर इस्त्री तशीच टेकून राहिली. करपल्याचा वास सुटला, धुराची बारीक रेघ वर आली, तेव्हा कुठे त्याने इस्त्री उचलली. खाली टोकदार तपकिरी डाग उमटला होता.

"हो," मामा म्हणाला.

२

झालं होतं ते असं.

मामाच्या ऑफिसची गाडीसेवा होती. ज्यांना दवाखान्यात नेणारं-आणणारं कोणी नाही, किंवा आहे पण त्याच्याकडे गाडी नाही, अशांनी मोबाइलवर एक फॉर्म भरायचा. गाडी दाराशी येते, नेते, परत सोडते. फॉर्ममागचा सगळा प्रोग्रॅम मामाने एकट्याने लिहिला होता, आणि तोही पर्लमध्ये. "पर्ल? अजून आहे ती भाषा?" असं कोणी म्हणालं की मामा शांतपणे म्हणायचा, "जिचं रोज काम पडतं, ती असतेच."

फॉर्म भरणाऱ्यांत एक मास्तर होते. तरणतलावावरचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं, त्यात मामाही होता. म्हातारपणी मूत्रपिंडांनी दगा दिला आणि मास्तरांना दिवसाआड दवाखान्यात मशीनवर जाऊन पडावं लागे. ते स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचे आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

एका सकाळी गाडी आली नाही. पुढच्या खेपेलाही आली नाही. शेजाऱ्यांनी दार उघडलं तेव्हा मास्तर बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेले होते. तसेच गेले होते.

ऑफिसात फॉर्म शोधला तर गाड्यांच्या यादीत मास्तरांचं नावच नाही. साहेबांनी मामाला बोलावलं. मामाने संगणकात काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "चूक माझी." बस्स. लॅपटॉपची पिशवी उचलून तो जो बाहेर पडला, तो परत गेला नाही. पिशवी आता कपाटावर टॉवेलात गुंडाळून पडली होती. आईने हळूच विचारून पाहिलं तेव्हा म्हणाला, "ताई, मी आता संगणकाला हात लावणार नाही. कधीच." त्यावर बाबांनी फर्मान काढलं, की हा विषय या घरात निघणार नाही.

सगळ्यांनी ऐकलं. फक्त टकळीच्या डोक्यात एक खडा टोचत राहिला.

एका अर्धविरामावरून तासभर भांडणारा मामा. दूध का नासलं याचीही तीन कारणं सांगणारा मामा. तो "चूक माझी" म्हणतो आणि कुठली चूक, ते सांगत नाही?

मामा काहीतरी लपवत होता.

३

"मामा, तुझा लॅपटॉप घेऊ?"

"घे. मला नकोय."

लॅपटॉपवर गाडीसेवेचा अख्खा प्रोग्रॅम होता, मामाची घरची प्रत. तो कसा चालू करायचा हे टकळीला ठाऊक होतं, कारण मागच्या सुट्टीत मामानेच तिला शिकवलं होतं. असा प्रोग्रॅम तीन माणसांचा असतो, त्याने सांगितलं होतं. व्ह्यू म्हणजे दाराशी हसून चौकशी करणारी बाई. मॉडेल म्हणजे आत कपाट सांभाळणारा खडूस म्हातारा. आणि कंट्रोलर म्हणजे या दोघांत निरोप घेऊन धावणारा.

"दाराशी सांगितलं एक आणि कपाटात गेलं भलतंच, तर कोणाला धरायचं?" तेव्हा त्याने विचारलं होतं.

"निरोप्याला," टकळी म्हणाली होती.

"शाब्बास. पण आधी दाराशी जाऊन ऐकायचं, की मुळात सांगितलं काय."

आता ती दाराशीच बसली. फॉर्म साधा होता. नाव. मग "सोबत कोणी आहे का?" आणि त्यापुढे दोन गोल, "आहे" आणि "एकटा". मग वेळ. मग पत्ता. सोबत कोणी असेल तर गाडीत एक जागा जास्त ठेवायची, म्हणून तो प्रश्न.

तिने मास्तरांच्या नावाने फॉर्म भरला. एकटा. वेळ सकाळची. पाठवला. यादीत नाव आलं. तिने वेडेवाकडे फॉर्म भरले, वीतभर लांब नावं घातली, पत्त्यात कवितेच्या ओळी लिहिल्या, एकदा तर शाळेच्या मांजरीलाही गाडी मागवली. प्रत्येक नाव निमूटपणे यादीत जाऊन बसलं. मांजरीचंसुद्धा.

ती मागे रेलून बसली. हा प्रोग्रॅम कोणालाही गिळत नव्हता.

मग मास्तरांना गिळलं ते ऑफिसातल्या प्रोग्रॅमने. म्हणजे तिथे कोणीतरी त्याला हात लावला होता. आणि ऑफिसात मामा सोडून तिघंच होती.

४

"मामाचा कप आणि स्वेटर न्यायला आलेय," टकळीने दारातच सांगून टाकलं. खोटं नव्हतं. कप खरंच तिथे राहिला होता.

साहेब फोनवर होते. त्यांनी खुणेनेच खुर्ची दाखवली, फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले. "कसा आहे तो?"

"इस्त्री करतो."

"माणूस चांगला होता," ते म्हणाले.

"अजून आहे, सर."

"हो. तसं नाही म्हणायचं मला." त्यांनी चष्मा घातला. "त्याने लिहिलेलं कोणाला धड कळत नाही बघ. म्हणून तसंच ठेवलंय. गाडीसेवा त्या दिवसापासून बंद आहे, लोकांचे हाल होतात, म्हणून सोमवारी परत सुरू करतोय."

टकळी खुर्चीतून पुढे सरकली. "तेच? काही न बदलता?"

"मशीन नवं घेतलं ना. जुनं मशीन खराब होतं, दुसरं काय?"

साहेबांनी प्रोग्रॅम उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे दगडाने चोरी केली म्हणण्यासारखं होतं. त्यांचं नाव तिने मनातल्या मनात खोडलं.

पलीकडे फोनताई बसली होती. गाडीसेवेचे फोन घ्यायचे आणि ड्रायव्हरना पाठवायचं, हे तिचं काम. तिने ड्रॉवरमधून कप काढून दिला. धुऊन, कागदात गुंडाळून ठेवला होता.

"ताई, मास्तरांच्या आधी कधी असं झालं होतं? गाडी आली नाही असं?"

फोनताईने आधी साहेबांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "आले होते गं फोन त्या आठवड्यात. पोपटवाल्या आजी, ती रिटायर नर्स, गल्लीतले ते ब्रह्मचारी गृहस्थ. मला वाटलं, एकटी माणसं, वेळ जात नाही, म्हणून फोन करतात. प्रत्येकाला म्हटलं, तुमचा फॉर्म अर्धवट राहिला असेल, परत भरा."

"अर्धवट म्हणजे?"

"ज्यात वेळ नाही, पत्ता नाही, ते फॉर्म वेगळे पडतात. लोक भरता भरता सोडून देतात ना. मी रोज संध्याकाळी ते पुसून टाकायचे." ती थांबली. मग तिचा चेहराच पडला. "त्यात मास्तर असतील का गं? मी बघितलंही नाही. केर काढावा तसं पुसलं. कोणाला सांगू नकोस. मी घरीसुद्धा बोलले नाही."

टकळीने तिचा हात धरला.

"फॉर्म भरायला अवघड आहे का?" तिने विचारलं.

"छे, उलट सोपा झाला. नाव, वेळ, पत्ता, आणि सोबतीची ती खूण."

"कसली खूण?"

पण फोन वाजला, आणि फोनताई डोळे पुसून आपल्या कामाच्या आवाजात बोलू लागली.

५

तिसरा होता रंगारी. फॉर्म कसा दिसावा, अक्षर केवढं, बटण कुठे, हे तो ठरवायचा, म्हणून ऑफिसात त्याला सगळे रंगारी म्हणत. दाढी वाढवली होती, पण दाढीमागचा चेहरा टकळीच्या वर्गातल्या पोरांहून फार मोठा नव्हता. मामाचा स्वेटर त्याच्याच खुर्चीच्या पाठीवर होता. त्याने तो गडबडीने काढून दिला आणि तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे वळला.

नजर चोरतोय, टकळीने हेरलं. सापडला.

"दादा, मास्तरांना तू ओळखायचास?"

"मला पाण्याची भीती वाटते," तो एकदम म्हणाला. "एवढा घोडा झालो तरी. मास्तर म्हणायचे, तू ये, मी काठावर खुर्ची टाकून बसतो, तुला बुडू देत नाही. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो."

"आणि?"

"आणि काय. राहिलंच." त्याने माउस उगाच इकडून तिकडे सरकवला. "त्यांच्यासाठी एकच गोष्ट करता आली मला. ते एकदा इथे आले होते. म्हणाले, पोरा, तुमचा फॉर्म चांगला आहे, पण दर वेळी मी एकटा आहे असं माझ्याच हाताने लिहून घेता, ते जरा लागतं बघ. बायको होती तोवर मी 'आहे' करायचो. मग मी ते दोन गोल काढून टाकले. आता एकच चौकट आहे. सोबत असेल त्याने खूण करायची. नसेल त्याने काही न करता पुढे जायचं. त्याला कोणी विचारत नाही." पहिल्यांदाच त्याने वर पाहिलं. डोळे लाल होते. "त्यांनी फोन केला होता मला. म्हणाले, आज बरं वाटलं फॉर्म भरताना. तेवढंच एक माझ्या हातून चांगलं झालं."

टकळीने स्वेटर छातीशी धरला. चोर पकडायला आली होती, आणि आता तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. कारण मामाच्या लॅपटॉपवर दोन गोल होते. आणि इथे एक चौकट.

६

घरी येऊन तिने दप्तरही खांद्यावरून उतरवलं नाही. मामाच्या प्रतीत व्ह्यूची फाइल उघडली, दोन गोल काढले आणि एक चौकट घातली. मग मांजरीचा फॉर्म भरला, सोबतीला खूण केली. मांजर यादीत आली.

मग मास्तरांचा फॉर्म. चौकट रिकामी. पाठवला.

यादीत मास्तर नव्हते.

तिने अर्धवट राहिलेल्या फॉर्मांचं पान उघडलं. तिथे होते. नाव होतं. वेळेच्या जागी काही नाही. पत्त्याच्या जागी काही नाही. आणि "सोबत" या रकान्यात एकच शब्द होता: "वेळ".

टकळी कितीतरी वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. आपण तर तिथे काही लिहिलं नाही. "वेळ" हे तर पुढच्या प्रश्नाचं नाव. प्रश्नाचं नाव उत्तराच्या जागी येऊन कसं बसलं?

निरोप्याला धर.

कंट्रोलरची फाइल उघडली. मामाने तिथे फॉर्मची उत्तरं एका ओळीत मांडली होती: नाव आणि नावाचं उत्तर, सोबत आणि सोबतीचं उत्तर, वेळ आणि वेळेचं उत्तर, पत्ता आणि पत्त्याचं उत्तर. पर्ल ती रांग घेतं आणि दोन-दोनच्या जोड्या लावतं. पहिलं नाव, दुसरं उत्तर. पुन्हा नाव, पुन्हा उत्तर. सरळ होतं. दोन गोलांपैकी एक भरलेला असायचाच, त्यामुळे सोबतीचं काहीतरी उत्तर नेहमी यायचं.

पण रिकामी चौकट ब्राउझर पाठवतच नाही. "नाही" असंसुद्धा पाठवत नाही. आणि अशा रांगेत जे आलंच नाही, त्याची जागा पर्ल मोकळी ठेवत नाही. मागचे सगळे एक पाऊल पुढे सरकतात.

तिने पाटीवर खडूने रांग लिहिली आणि सोबतीचं उत्तर पुसलं. मग जोड्या लावल्या. नावाला नाव मिळालं. "सोबत"ला जोडीदार म्हणून शेजारचा शब्द मिळाला, "वेळ". पुढे मास्तरांची सकाळची वेळ स्वतःच प्रश्न होऊन बसली, कपाटातल्या खडूस म्हाताऱ्याने असला प्रश्न ओळखला नाही आणि टाकून दिला. पत्त्याचंही तेच.

पोपटवाल्या आजी. रिटायर नर्स. ब्रह्मचारी गृहस्थ. मास्तर. गाडी फक्त त्यांचीच चुकली, ज्यांना सोबत नव्हती.

टकळीला रहस्य उलगडलं होतं, आणि पहिल्यांदाच तिला कोणालाही काही सांगावंसं वाटत नव्हतं.

७

मामा चादरीला इस्त्री करत होता. तिने कप त्याच्या बाजूला ठेवला आणि इस्त्रीचं बटण बंद केलं. आता चादर जळायला नको.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशीच्या अर्धवट फॉर्मांत, सोबतीच्या रकान्यात 'वेळ' बघितल्याबरोबर."

मामाने चादरीची घडी घातली. उलगडली. परत घातली. "पर्लमध्ये जुना झालेला कोणीही सांगेल. नवशिक्याला पहिल्या दिवशी बजावतो आपण, की उत्तर असं थेट रांगेत घालू नको. पुढे 'स्केलर' एवढा एक शब्द लाव, म्हणजे रिकामी जागाही जागा म्हणून मोजली जाते. त्या दिवशी घाई होती. म्हटलं, उत्तर तर येणारच आहे, नंतर लावू."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर साहेबांनी दुसरा प्रश्न विचारला असता. ओळ इतकी वर्षं चालली, मग आत्ताच का मोडली? फॉर्म कोणी बदलला?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "पोराला वाटतंय, मास्तरांसाठी त्याने काहीतरी चांगलं केलं. तेवढं एक राहू दे त्याच्याकडे. ओळ माझी होती. मास्तरांनी मला बुडू दिलं नव्हतं गं. मी दिलं."

टकळीला रडू फुटलं. मामाला तिचं रडणं कधी बघवायचं नाही. त्याने इस्त्री केलेला रुमाल पुढे केला. कडक, चौकोनी. तिने नाक पुसलं.

"मामा, सोमवारी ते परत सुरू करतायत."

त्याचा हात हवेतच राहिला. "बंद केलंय. साहेब म्हणाले होते, कायमचं बंद."

"नवं मशीन घेतलंय. प्रोग्रॅम तोच. चौकटही तीच."

मामा खुर्चीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक माणूस जाताना तिला दिसलं: पोपटवाल्या आजी, नर्स, आणखी कोण कोण, बूट घालून दाराशी बसलेले.

"तू फोन कर साहेबांना," तो म्हणाला. "कुठली ओळ ते मी सांगतो. मला नाही जमायचं तिथे जायला. त्या पोराच्या तोंडाकडे कसं बघू?"

"त्याला आतून कळलेलं आहे, मामा. तो वर बघत नाही. फोनताई रोज रडते, तिला वाटतं तिनेच पुसलं मास्तरांना. तू इथे शर्ट जाळतोस. तिघांनाही वाटतं, आपण एकट्यानेच केलं." तिने रुमाल घडी करून परत त्याच्या हातात ठेवला. "आणि कारण सांगितलं नाही, तर उद्या दुसरा कोणी दुसऱ्या चांगल्या मनाने दुसरी चौकट घालेल."

मामाने उठून कपाटावरचा टॉवेल काढला आणि त्याची नीट घडी घातली. लॅपटॉप परत त्यात गुंडाळणार नाही अशी ती घडी होती.

८

जेवताना बाबांनी निळा शर्ट घातला होता. खिशाखालचा डाग त्यांनी पाहिला होता, पण कोणाला काही विचारलं नव्हतं. आई वाढत होती. मामा ताटाकडे बघत होता.

"मला एक सांगायचंय," टकळी म्हणाली.

"जेवताना नको," बाबा म्हणाले. कुठला विषय निघणार, हे त्यांना कळलं होतं.

"जेवतानाच. नंतर सगळे आपापल्या खोलीत जातात." तिने घास खाली ठेवला. स्पर्धेतला आवाज नव्हता हा. हळू होता. "सोमवारी मी शाळेत जाणार नाही. मामा ऑफिसात जाऊन एक ओळ दुरुस्त करणार आहे, आणि ती का मोडली हे तिघांनाही समोर बसवून सांगणार आहे. मैत्रिणींनी मला एक प्रश्न विचारायला लावला होता. त्यांनाही मी खरं उत्तर देणार. मास्तरांना कोणा एका माणसाने मारलं नाही. पण ते गेले, आणि ते टाळता आलं असतं."

आईने डाव भांड्यात ठेवला आणि मामाच्या पाठीवर हात ठेवला. त्याचे खांदे हलत होते.

"शाळा का बुडवायची?" बाबा म्हणाले. "मोठा माणूस आहे तो. एकटा जाईल."

"जाईल," टकळी म्हणाली. "पण एकटा जाणार नाही, बाबा. त्याच्या सोबत मी आहे."